आठ मिनिटांची ऐट

३ जून, सोमवार. त्या दिवशी सकाळी घडीच्या टेबलावरचा दर डझनामागे चौदा रुपये होता. संध्याकाळीही चौदाच होता. पण मधल्या आठ मिनिटांत त्याची वाट लागली होती, आणि ती लावणारे हात घडीमास्तरांचे होते.

घडीमास्तर तयार शर्टांच्या कारखान्यात घडीच्या टेबलावर होते. मास्तर ही पदवी त्यांना कोणी दिली नव्हती, पण एकोणीस वर्षांत कोणी काढूनही घेतली नव्हती. इस्त्री होऊन आलेला शर्ट पालथा टाकायचा, पाठीवर पुठ्ठा ठेवायचा, दोन्ही बाजू आत घ्यायच्या, बाह्या त्यावर, खालचा घेर वर, दोन टाचण्या, कॉलरखाली कागदाची पट्टी, की शर्ट पिशवीत. असे बारा झाले की गठ्ठा बांधून वर आपल्या नंबरची चिठ्ठी लावायची. संध्याकाळी सुपरवायझर चिठ्ठ्या मोजणार, तेवढ्याच डझनांचे पैसे. मास्तरांचा नंबर सात. त्यांच्या हातचा शर्ट पिशवीत असा बसायचा की जणू त्याला कोणी कधी घालणारच नाही.

घरात मात्र चादरीचं एक टोक हातात दिलं तर दुसरं कुठे गेलं हे त्यांना सापडत नसे.

"अहो, बाहेर रोज चारशे बत्तीस शर्ट, आणि घरात एक टॉवेल होत नाही तुमच्याच्यानं?" बायको विचारायची.

"घरात दर काय आहे?" मास्तर म्हणायचे.

"दोन वेळचं जेवण."

यावर मास्तर टॉवेल खुर्चीच्या पाठीवरून उचलायचे आणि खुर्चीच्या हातावर ठेवायचे.

चारशे बत्तीस हा आकडा बायकोने उगीच काढलेला नव्हता. छत्तीस डझन म्हणजे चारशे बत्तीस. टेबलावर चौदा जण होते आणि चौदाही जणांचे रोज छत्तीसच डझन व्हायचे. पस्तीस नाही, सदतीस नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण कारखान्याच्या दारावर लिहिलेल्या सगळ्या नियमांपेक्षा तो जास्त पाळला जायचा. ज्याचा हात चालायचा तो चार वाजल्यानंतर पाणी प्यायला दोनदा जायचा, टाचण्यांची डबी सांडायचा आणि एकेक करून भरायचा. छत्तीस डझनांचे पाचशे चार रुपये होत. त्यात कोणी श्रीमंत होत नव्हतं, पण कोणी मागेही राहत नव्हतं.

"मालकाशी आपला छत्तीसचा आकडा आहे," टाचणी म्हणायची आणि कोणी हसायच्या आत स्वतःच हसायची. टाचणी ही मास्तरांच्या समोर उभी राहणारी बाई. खरं नाव हजेरीपटावर होतं. बोलणं असं की ऐकणारा बोट चोखत बसेल.

नियम सांभाळायचं काम आक्कांचं. नंबर दोन, बावीस वर्षांची नोकरी, आणि मास्तरांना पहिली घडी त्यांनीच शिकवलेली. आता त्यांच्या बोटांची पेरं सुजलेली असायची. छत्तीस गाठायला त्या डबा अर्धा खाऊन उठायच्या. येत्या ९ जानेवारीला त्यांना साठ पूर्ण होणार होती. साठीच्या दिवशी ज्याचं नाव कायम कामगारांच्या यादीत असेल त्याला कारखाना दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यायचा. आक्कांचे होत होते एक लाख सहासष्ट हजार तीनशे वीस. ही बेरीज टेबलावरच्या प्रत्येकाला तोंडपाठ होती, कारण आक्कांनी ती प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे तपासून घेतली होती.

मे महिन्याच्या शेवटी बातमी आली की ऑफिसने एक बाई नेमल्या आहेत, त्या घड्याळ घेऊन फिरणार आहेत आणि कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते मोजणार आहेत. काज करणाऱ्यांचं मोजून झालं होतं. आता पाळी घडीची.

आक्कांनी शनिवारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना गोळा केलं.

"नीट ऐका. बाई आल्या की घडी घालायची, पण कॉलरवर फुंकर मारायची. धागा असो नसो. एका फुंकरीला चार सेकंद. मग शर्ट उजेडाकडे धरून बघायचा, पाच सेकंद. पुठ्ठा एकदा चुकीचा उचलायचा. फुंकरीला विसरू नका, आपली भाकरी फुंकरीवर आहे."

"आणि खोकला आला तर?" कोणी तरी विचारलं.

"उत्तम. खोका."

तालीम सुरू झाली. तेरा जणांना जमली. मास्तरांना जमेना. ते फुंकर मारायचे, पण फुंकर मारता मारता त्यांचे हात बाह्या दुमडून मोकळे व्हायचे. उजेडाकडे शर्ट धरला की तो खाली येईपर्यंत पुठ्ठा जागेवर बसलेला असायचा. आक्कांनी तीनदा सांगितलं, चौथ्यांदा त्यांच्या मनगटावर चापट मारली.

"तुझ्या हातांना जरा आळस शिकव रे!"

"शिकवतो आक्का, पण ते ऐकत नाहीत."

"मास्तरांचे हात मास्तरांच्या बापाचंसुद्धा ऐकायचे नाहीत," टाचणी म्हणाली. "त्यांना खांबामागे उभं करा."

तसंच ठरलं. सोमवारी मास्तर खांबामागच्या कोपऱ्यात उभे राहिले. घड्याळवाल्या बाई आल्या. तिशीच्या आतबाहेर, गळ्यात घड्याळ, हातात पाटी, बोलणं अगदी गोड. तेरा जणांनी अशा फुंकरी मारल्या की टेबलावरची कागदी पट्ट्यांची चळत उडाली. बाई एकेकाजवळ उभ्या राहून लिहीत गेल्या. डझनाला तेरा मिनिटं, साडेतेरा, चौदा. आक्कांचा चेहरा गंभीर होता, म्हणजे त्या खूश होत्या.

बाई निघाल्याच होत्या. जाता जाता त्यांना खांबामागे कोणी तरी दिसलं. मास्तर सांगितल्याप्रमाणे अतिशय हळू, हात थरथरतील इतक्या हळू, एक बाही दुमडत होते. बाईंना खरोखर कीव आली.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "दमलात का? बसा हवं तर. तुमचं नाही मोजलं तरी चालेल."

मास्तर तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. केस होते, दात होते, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे नातवंडांचा प्रश्नच नव्हता. आजवर त्यांना लोक काका म्हणत आणि तेही त्यांनी दोन वर्षांपूर्वीच कसंबसं मान्य केलं होतं.

"मोजा," मास्तर म्हणाले.

"नको हो, खरंच..."

"घड्याळ लावा, बाई."

पुढचं टेबलावरच्या सगळ्यांनी पाहिलं आणि थांबवणं कोणाच्याच हातात राहिलं नाही. आक्का खोकल्या. टाचणीने डबी सांडली. पण मास्तरांना काही ऐकू येत नव्हतं. शर्ट पालथा पडायचा आणि उठेपर्यंत तयार असायचा. बारावा शर्ट पिशवीत गेला, गठ्ठा बांधला, सात नंबरची चिठ्ठी लागली आणि मास्तरांनी बाईंकडे असं पाहिलं जसं मूल पाढे म्हणून झाल्यावर पाहुण्यांकडे पाहतं.

"सात मिनिटं पन्नास सेकंद!" बाईंनी टाळ्याच वाजवल्या.

टाळ्या वाजवणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

सूचना तीन आठवड्यांनी फलकावर लागली. हिशेब स्वच्छ होता. सात मिनिटं पन्नास सेकंदांना एक डझन, तर आठ तासांत एकसष्ट डझन. त्यातून विश्रांती, पाणी आणि शिंका यांच्यासाठी पाचवा हिस्सा वजा, म्हणजे एकोणपन्नास. त्यातलं एक डझन ऑफिसने मोठ्या मनाने सोडून दिलं. उरले अठ्ठेचाळीस. कामगारांचं नुकसान होऊ नये म्हणून रोजची कमाई पाचशे चार रुपये तशीच ठेवली होती. तेव्हा १ जुलैपासून दर डझनामागे साडेदहा रुपये. पहिले तीन दिवस सवयीसाठी सोडून, ज्याची महिन्याची सरासरी अठ्ठेचाळीसच्या खाली जाईल त्याचं नाव कायम यादीतून कमी करून त्याला ठेकेदाराकडे, धागे कापायच्या कामावर पाठवलं जाईल.

थोडक्यात, मालकाचा एक पैसा वाढला नाही आणि टेबलावरून रोज एकशे अडुसष्ट डझन शर्ट जास्त निघू लागले. एका शर्टाच्या घडीला पूर्वी सव्वा रुपयाच्या आत पडायचं, आता नव्वद पैशांच्या आत. पिशवीवर चिकटवलेली किंमत एक हजार चारशे नव्याण्णव तशीच होती, घडीमुळे काही ती उतरली नाही. त्याच महिन्यात मालकांच्या खोलीत माशांची काचेची पेटी आली. माशांना दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी खाणं मिळायचं. त्यांची सरासरी कोणी काढत नव्हतं.

मास्तरांना बक्षीसही मिळालं. एक प्रशस्तिपत्रक आणि एक शर्ट, त्याच कारखान्यातला, त्यांनी स्वतःच घडी घातलेला. एक टाचणी तिरकी बसवायची आपली खूण त्यांनी लगेच ओळखली.

"छान आहे," बायको म्हणाली. "कितीला पडला?"

"फुकट मिळाला."

"चौदा जणांच्या रोजच्या बारा-बारा डझनांना पडला," ती म्हणाली. तिला सगळं कळलेलं होतं. टाचणी तिची मावसबहीण नव्हती, पण बाजारात भेटायची, आणि तेवढं पुरेसं असतं. "एका पोरीनं आजोबा म्हटलं म्हणून? अहो, मी तर तुम्हाला किती काय काय म्हणते!"

टेबलावर मास्तरांशी बोलणं बंद झालं. पूर्ण बंद नाही, त्याने काम अडलं असतं. "पुठ्ठे सरकव" एवढं बोलायचे. टाचणी मात्र रोज सकाळी अदबीने विचारायची, "मास्तर, आज किती वाजता टाळ्या वाजवायच्या?"

बाकीचे घामाघूम होऊन का होईना, अठ्ठेचाळीस गाठत होते. आक्कांचे पहिल्या दिवशी छत्तीस झाले. दुसऱ्या दिवशी छत्तीस. तिसऱ्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही, तरी सदतीस. आक्का मास्तरांना एक शब्द बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मास्तर सुखाने घरी गेले असते.

चौथ्या दिवशी ते गेट उघडताच, सर्वांच्या आधी अर्धा तास, आत शिरले. जेवायला बसले नाहीत, पाणी उभ्याने प्यायले. संध्याकाळी त्यांच्यासमोर साठ डझन होते. त्यातल्या बारांवर त्यांनी दोन नंबरची चिठ्ठी लावली आणि गठ्ठे आक्कांच्या बाजूला सरकवले.

आक्कांनी चिठ्ठ्या पाहिल्या. त्यांनी आधी सुपरवायझर कुठे आहे ते पाहिलं आणि मग मास्तरांच्या दंडाला जोरात चिमटा काढला.

"पुन्हा हुशारी? उद्या माझे पन्नास दिसले, तर ती घड्याळवाली बया आकडा छप्पन्नवर नेईल!"

"पन्नास नाही आक्का, बरोबर अठ्ठेचाळीस. मोजून बारा दिलेत."

"आणि तुझे?"

"अठ्ठेचाळीस."

"साठ घालून अठ्ठेचाळीसच दाखवणार? तू?" आक्कांना हसू आवरेना. "जमेल का रे तुला, कोणी न बघता?"

हा प्रश्न मास्तरांना चिमट्यापेक्षा जास्त लागला. त्यांनी मान हलवली.

"बारा डझनांचे एकशे सव्वीस रुपये रोज माझ्या नावावर येतील," आक्का म्हणाल्या. "ते मी दंड म्हणून घेते. उपकार म्हणून नाही. कळलं?"

"कळलं."

"आणि टाचण्या सरळ बसव. तुझी तिरकी खूण सुपरवायझरसुद्धा ओळखतो."

साठ डझन म्हणजे डझनाला आठ मिनिटं. जी ऐट मास्तरांनी जूनमध्ये आठ मिनिटं मिरवली होती, ती आता त्यांना रोज आठ तास, पाणी आणि शिंका वगळून, करावी लागत होती, आणि तीही अशी की कोणाला दिसू नये. त्या इमारतीतला सगळ्यात जलद माणूस कागदावर मधल्या फळीतला होता. जुलै गेला, ऑगस्ट गेला. अंगठ्याला टाचण्यांनी इतकी भोकं पडली की बायको म्हणाली, "आता यातून चहा गाळता येईल." रात्री ताटावर बसल्यावर घास तोंडाकडे न्यायला त्यांचा हात आढेवेढे घ्यायचा. ती ताट जवळ सरकवायची. एकदा मात्र म्हणाली, "जानेवारीपर्यंत टॉवेल मी ठेवीन. नंतरचं नंतर बघू."

नोव्हेंबरात घड्याळवाल्या बाई पुन्हा आल्या. अठ्ठेचाळीस सगळ्यांना जमतात, तर चोपन्न का जमू नयेत, असा प्रश्न ऑफिसला पडला होता. या वेळी त्या फुंकरी मारणाऱ्यांकडे वळल्याच नाहीत. सरळ खांबामागे आल्या.

"आजोबा, तुम्हालाच शोधत होते. लावू घड्याळ?"

टेबलावरच्या तेरा जणांचे हात एकदम थांबले. आक्कांच्या हातातला पुठ्ठा तसाच राहिला. चोपन्न झाले असते तर आक्कांना अठरा कमी पडले असते, आणि मास्तरांचे चोपन्न धरून बहात्तर डझन देवाच्या हातांनाही झाले नसते.

मास्तरांनी शर्ट पालथा टाकला. फुंकर मारली. कॉलर उजेडाकडे धरली आणि तिथे नसलेला एक धागा बराच वेळ चिमटीत पकडायचा प्रयत्न केला. पुठ्ठा उलटा ठेवला, परत उचलला. जे हात जूनमध्ये आळस शिकायला तयार नव्हते त्यांना पाच महिन्यांच्या साठ डझनांनी तो पुरता शिकवला होता. पाचव्या शर्टाला ते खोकले. तो खोकला मात्र खरा होता.

"दहा मिनिटं वीस सेकंद," बाई म्हणाल्या. त्या जरा हिरमुसल्या. "काय हो आजोबा? हात जड झाले का?"

मास्तरांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्यांनी अपमान गिळला.

"वय झालं, बाई," ते म्हणाले. "नातवंडं खेळवायचं वय. जूनमध्ये उगीच उसनं अवसान आणलं होतं."

बाईंनी दहा मिनिटं वीस सेकंद लिहून घेतलं आणि त्यांना पुन्हा एकदा बसायला सांगून गेल्या. अठ्ठेचाळीसचे अठ्ठेचाळीसच राहिले. साडेदहाचे चौदाही झाले नाहीत. ते कोणाच्या मनातही नव्हतं.

टाचणीने समोरून पुठ्ठ्यांची चळत सरकवली. "मास्तर, एकोणीस वर्षांत आज पहिल्यांदा तुम्हाला घडी जमली," ती म्हणाली. त्यानंतर तिने टाळ्यांची चौकशी बंद केली.

तरीही नाट लागायचीच होती. ३० डिसेंबरला मास्तर तापाने फणफणले. उठून पायात चपला घालत होते, त्या दोन्ही डाव्या पायातच घालायचा प्रयत्न करू लागले तेव्हा बायकोने दाराला कडी घातली.

"अगं, आक्कांची सरासरी! आज बारा कमी पडले तर उद्या महिना संपतो. साठीला दहा दिवस राहिलेत!"

"आणि तुम्ही टेबलावर पडलात तर तुमचीच घडी घालून पिशवीत भरतील. पडा."

मास्तर दिवसभर छताकडे बघत बेरजा करत पडले. महिन्याचे दिवस सव्वीस, आक्कांचे अठ्ठेचाळीसने बाराशे अठ्ठेचाळीस डझन व्हायला हवेत. एकही जास्तीचा साठवलेला नव्हता, कारण जास्त दिसू द्यायचा नाही असं आक्कांनीच बजावलं होतं. बारा कमी म्हणजे बाराच कमी. ही वजाबाकी त्यांनी तापातही चाळीसेक वेळा करून पाहिली. उत्तर बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी अंगात कसर असतानाच ते कामावर गेले. आक्का नेहमीच्या जागी उभ्या होत्या.

"काल किती?" मास्तरांनी दबक्या आवाजात विचारलं.

"अठ्ठेचाळीस."

"कसे?"

आक्कांनी टेबलाकडे मान केली. तू आणि मी सोडून कितीजण उरतात ते मोज, एवढंच म्हणाल्या. बारा उरत होते. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने आपलं एकोणपन्नासावं डझन बांधून त्यावर दोन नंबरची चिठ्ठी लावली होती. कोणी ठरवलं नव्हतं. म्हणजे टाचणीने ठरवलं होतं, पण ती कबूल करत नव्हती.

खिशातून रुमाल काढून मास्तरांनी आधी नाक पुसलं, मग डोळे. खरं तर क्रम उलटा हवा होता.

९ जानेवारीला आक्कांच्या हातात एक लाख सहासष्ट हजार तीनशे वीस रुपयांचा चेक पडला. त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला, पाच सेकंद. मग सगळ्यांकडून पुन्हा एकदा बेरीज तपासून घेतली, आणि टाचण्यांची आपली डबी मास्तरांपुढे ठेवून गेल्या. त्यांच्या जागी दुसऱ्या दिवशी ठेकेदाराकडची एक बाई आली. तिला कायम यादी म्हणजे काय ते माहीत नव्हतं आणि कोणी सांगितलंही नाही.

मास्तरांच्या डोक्यात मात्र बारा डझन होते. त्यांना उधारी ठेवायची सवय नव्हती. दहा तारखेपासून ते रोज एकोणपन्नास डझन घालायचे आणि जास्तीच्या एकावर एकेकाच्या नंबरची चिठ्ठी लावायचे. ज्याची पाळी असेल त्याने त्या दिवशी सत्तेचाळीसवर थांबायचं आणि टाचण्यांची डबी सांडायची. अकरा दिवसांत अकरा जण झाले. बाराव्या दिवशी त्यांनी गठ्ठा टाचणीपुढे सरकवला.

तिने तो परत ढकलला.

"मला नको."

"हिशेब आहे तो, बाई."

"असू दे की. सगळं फेडलंत तर उद्या पुन्हा मान ताठ कराल. परत कोणी आजोबा म्हटलं म्हणजे?"

"घ्या हो. लोक बघतायत."

"बघू दे. फेब्रुवारीत बघू."

फेब्रुवारीत ती म्हणाली मार्चमध्ये बघू. मार्चमध्ये तिने विषयच बदलला. टाचणीचं एक डझन, म्हणजे साडेदहा रुपये, मास्तरांकडून येणं बाकी आहे.